बुरुंडीच्या खुर्चीवरून
(द्वितीय वर्ष कला, राज्यशास्त्र)

आमच्या राज्यशास्त्र अभ्यासमंडळाने यंदा अभिरूप सुरक्षा परिषद भरवायची ठरविली, तेव्हा वर्गातील प्रत्येकाच्या मनात एकच देश होता. विषय होता 'डिसेंबर १९७१ : पूर्व बंगालचा प्रश्न'. भारताची बाजू मांडायला कोणाला नको असेल? बाईंनी मात्र बुटांच्या रिकाम्या खोक्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेकाला उचलायला सांगितले. माझ्या शेजारणीला अमेरिका आली, मागच्या बाकावरच्या एकाला रशिया. मी चिठ्ठी उघडली तर आत लिहिलेले, 'बुरुंडी'. हा देश आहे की पालेभाजी, असे कोणीतरी म्हणाले आणि वर्ग हसला. मीही हसले. खोटे कशाला सांगू, मलाही ठाऊक नव्हते.

हा लेख त्या खुर्चीवर बसून मला जे कळले त्याबद्दल आहे. परिषदेचा वृत्तान्त अभ्यासमंडळाच्या अहवालात आलाच आहे. तो येथे पुन्हा देत नाही.

प्रथम थोडी माहिती. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेत पंधरा सभासद असतात. अमेरिका, रशिया (त्या काळचा सोव्हिएत संघ), ब्रिटन, फ्रान्स व चीन हे पाच कायमचे. बाकीचे दहा दोन दोन वर्षांसाठी निवडून येतात. ठराव मंजूर व्हायला नऊ मते लागतात, पण कायमच्या पाचांपैकी एकानेही विरोधी मत दिले तर चौदा जण एका बाजूला असूनही ठराव पडतो. हाच तो नकाराधिकार. एवढे आपण सर्वांनी अकरावीला पाठ केलेले असते. मला जे पाठ नव्हते ते असे की, डिसेंबर १९७१ मध्ये भारत या पंधरांत नव्हताच. भारताची दोन वर्षांची मुदत सुरू झाली १ जानेवारी १९७२ रोजी. म्हणजे ज्या बैठकीत आपल्यावरच चर्चा, तिच्यात आपल्याला बोलायची मुभा, पण मत नाही. पाकिस्तानचेही तसेच. उलट आफ्रिकेतले बुरुंडी, सोमालिया आणि सिएरा लिओन हे तीन छोटे देश मताचे धनी होते, आणि त्या महिन्यात परिषदेचे अध्यक्षपद सिएरा लिओनकडे होते.

बाईंनी बाके घोड्याच्या नालेच्या आकारात मांडून घेतली, कारण न्यूयॉर्कला टेबल तसेच आहे. नियम थोडेच होते. 'मला वाटते' असे म्हणायचे नाही, 'माझ्या शासनाचे मत' असे म्हणायचे. आपल्या देशाने त्या वेळी जी भूमिका घेतली तीच घ्यायची, स्वतःच्या मनातली नव्हे. प्रत्येक मतदानापूर्वी आपण असे मत का देत आहोत ते तीन ओळींत कागदावर लिहून बाईंकडे द्यायचे. ज्यांना पुढे कधी असा उपक्रम करायचा असेल त्यांनी हा शेवटचा नियम अवश्य ठेवावा. बोलताना माणूस वाहवत जातो, तीन ओळी लिहिताना जात नाही. आणखी एक गोष्ट बाईंनी केली. दाराबाहेर व्हरांड्यात एक खुर्ची ठेवली. तिच्यावर बसणारी मुलगी बांगलादेशाची प्रतिनिधी. तिला आत बोलवायचे की नाही ते परिषदेने ठरवायचे.

आता माझी तयारी. आमच्या घरात महाविद्यालयात पाऊल ठेवणारी मीच पहिली. वडील कल्याणच्या बाजार समितीत पाठीवर पोती वाहतात. आम्ही पूर्वेला चाळीत राहतो. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, त्यामुळे परिषदेच्या बैठकींची इंग्रजी इतिवृत्ते हातात पडल्यावर पहिल्या अकरा पानांना चार संध्याकाळी लागल्या. एका बाजूला शब्दकोश, दुसऱ्या बाजूला इतिवृत्त, आणि मध्ये धाकटा भाऊ पाढे म्हणतोय. कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयात, जे १८६४ पासून आहे आणि ज्याच्या पायऱ्या मी यापूर्वी चढले नव्हते, तेथे बसून मी नकाशासंग्रहात बुरुंडी शोधला. टांगानिका सरोवराच्या काठावरचा, समुद्र नसलेला देश. क्षेत्रफळ सुमारे २७,८०० चौरस किलोमीटर. पालघर वेगळा होण्यापूर्वीच्या आपल्या ठाणे जिल्ह्याच्या तिप्पटही नाही. बेल्जियमच्या ताब्यातून १ जुलै १९६२ रोजी स्वतंत्र झालेला. बहुसंख्य लोक हुतू, पण सत्ता आणि सैन्य मुख्यतः अल्पसंख्य तुत्सींच्या हाती.

पूर्व बंगालची हकीकत वाचकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगते. डिसेंबर १९७० च्या निवडणुकीत राष्ट्रीय सभेच्या ३०० सर्वसाधारण जागांपैकी १६० जागा अवामी लीगने जिंकल्या, तरी तिला सत्ता मिळाली नाही. २५ मार्च १९७१ च्या रात्री लष्कर ढाक्यात उतरले. त्या रात्री ज्या जागांवर पहिला घाव पडला त्यांत ढाका विद्यापीठाची वसतिगृहे होती. जगन्नाथ हॉल हे त्यांतल्या एकाचे नाव. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक गोविंदचंद्र देव यांना त्यांच्या घरी मारण्यात आले. पुढच्या आठ-नऊ महिन्यांत सुमारे एक कोटी माणसे सीमा ओलांडून भारतात आली. एक कोटी म्हणजे किती, हे मला त्रिपुराचा आकडा वाचून समजले. तेथील लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास, आणि आलेले निर्वासित चौदा लाखांच्या घरात. घरात जेवढी माणसे जवळजवळ तेवढेच पाहुणे, आणि पाहुण्यांना परत जायला घर नाही. यशवंतराव चव्हाण तेव्हा अर्थमंत्री होते. नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे निर्वासित मदत तिकीट जादा लावणे सक्तीचे झाले. बाईंनी तसे एक जुने पाकीट वर्गात फिरविले. एवढेसे तिकीट, पण वर्ग त्या दिवशी पहिल्यांदा गप्प बसला.

३ डिसेंबरला पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ला केला, युद्ध सुरू झाले, आणि ४ डिसेंबरला परिषद बसली.

येथे खरा पेच आहे. राष्ट्रसंघाच्या सनदेत दुसऱ्या कलमाचे चौथे पोटकलम म्हणते की, कोणत्याही राष्ट्राने दुसऱ्याच्या भूमीविरुद्ध बळाचा वापर करू नये. त्याच कलमाचे सातवे पोटकलम म्हणते की, एखाद्या राष्ट्राच्या अंतर्गत बाबीत राष्ट्रसंघाने हात घालू नये. एकावन्नावे कलम स्वसंरक्षणाचा हक्क मान्य करते. मात्र एखादे सरकार आपल्याच लोकांना मारू लागले, तर शेजाऱ्याने दार फोडून आत जावे की नाही, याचे उत्तर सनदेत सरळपणे कोठेही नाही. १९४८ साली वंशसंहाराविरुद्ध करार झाला आणि त्यात असा संहार रोखण्याची जबाबदारी राष्ट्रांनी पत्करली, पण कोणी आणि कसा रोखायचा हे मोकळेच राहिले.

भारताचे प्रतिनिधी समर सेन होते. त्यांची भाषणे मी चार-चारदा वाचली. एका देशाने आपली एवढी माणसे दुसऱ्याच्या भूमीवर लोटणे हेही एक प्रकारचे आक्रमणच आहे, असा त्यांचा एक मुद्दा होता. पूर्व बंगालच्या लोकांना त्यांच्या यातनांतून सोडवणे हाच आपला शुद्ध हेतू आहे, असेही ते बोलले. पण कायद्याची मुख्य भिंत उभी केली ती स्वसंरक्षणाच्या कलमावर : तीन तारखेला हल्ला आमच्यावर झाला. मला याचे नवल वाटले, थोडे वाईटही वाटले. सर्वांत चांगले कारण आपण दुसऱ्या क्रमांकावर का ठेवले? बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, "तू बुरुंडी आहेस ना? मग तूच सांग."

त्या एका वाक्याने माझे भाषण तयार झाले. भारताची खुर्ची मिळाली असती तर हा प्रश्न मला पडलाच नसता. मी विचार करू लागले की, नऊ वर्षांपूर्वी स्वतंत्र झालेल्या, भोवती मोठाले शेजारी असलेल्या देशाला 'माणुसकीसाठी शेजाऱ्याच्या घरात शिरलो' हे वाक्य कसे ऐकू येईल? आफ्रिकेत गोरे राज्यकर्ते शिरले तेही सुधारणेचे नाव घेऊनच. आज भारताचा हेतू शुद्ध असेल. उद्या हेच वाक्य म्हणत जो शिरेल त्याचा असेल कशावरून? दुबळ्या देशापाशी ना विमाने ना तोफा, त्याच्यापाशी फक्त हा एक नियम आहे की माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ नका. मी तीन ओळींत लिहिले : 'आमच्या देशात दोन समाज आहेत व त्यांत तेढ आहे. आज ढाक्याला जे चालते ते उद्या आमच्याकडे चालवून घेतले जाईल. म्हणून युद्धबंदी व सैन्य माघारीच्या बाजूने मत.'

बाईंनी तो कागद वाचून वर पाहिले, पण काही बोलल्या नाहीत.

४ डिसेंबरला अमेरिकेचा ठराव आला. अकरा मते बाजूने, त्यांत माझे एक. रशिया व पोलंड विरुद्ध. ब्रिटन आणि फ्रान्स तटस्थ. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव पडला. मी हात वर केला तेव्हा प्रेक्षकांतून हुर्यो उठली. दुसऱ्या दिवशीचा ठराव, म्हणजे आमच्या परिषदेत अर्ध्या तासानंतरचा, आठ देशांनी मिळून आणला आणि त्या आठांत बुरुंडी होता. तोही तसाच पडला. मग प्रश्न महासभेकडे गेला. तेथे ७ डिसेंबरला युद्धबंदीच्या बाजूने १०४, विरुद्ध ११ आणि तटस्थ १० अशी मते पडली. त्या अकरांत भारत, सोव्हिएत गटाचे देश, क्यूबा व मंगोलिया होते, आणि आपल्या शेजाऱ्यांपैकी एकटा भूतान, ज्याला राष्ट्रसंघात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. आपल्या शाळेच्या पुस्तकात १६ डिसेंबरचा विजय असतो. हे १०४ नसतात. एवढे सगळे देश वाईट नव्हते. बहुतेक जण नुकतेच स्वतंत्र झालेले होते आणि माझ्यासारखेच घाबरलेले होते.

भुट्टोंची भूमिका करणाऱ्या विद्यार्थ्याने १५ डिसेंबरच्या प्रसंगी हातातले कागद टराटरा फाडले आणि तो तरातरा निघून गेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. (कागद माझ्या टिपणाचे होते, हे त्याला नंतर कळले.) त्या गडबडीत पोलंडचा ठराव, ज्यात निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे सत्ता सोपवावी असे म्हटले होते, कोणाच्या लक्षातही राहिला नाही.

आता व्हरांड्यातल्या खुर्चीबद्दल लिहायचे आहे. ते मी लांबणीवर टाकत होते.

तेथे बसलेली माझी मैत्रीण उल्हासनगरची, सिंधी. आपल्याकडे अजूनही जुनी माणसे उल्हासनगरला नुसते 'कॅम्प' म्हणतात. महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तिच्या बराकींत ठेवले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसली. मैत्रिणीच्या पणजोबांचे बिऱ्हाड अशाच एका बराकीत पोत्यांचे पडदे लावून मांडलेले होते. तिने बांगलादेशाच्या प्रतिनिधीचे भाषण लिहिताना ते सगळे मनात धरले असावे. पहिल्याच बैठकीत रशियाने सूचना मांडली की बाहेर बसलेल्या प्रतिनिधीला बोलवावे. चीनने हरकत घेतली. एका राष्ट्राचा भाग असलेल्या प्रदेशाला वेगळा प्रतिनिधी कसला? प्रत्यक्षातही न्यायमूर्ती अबू सईद चौधरी बांगलादेशाच्या वतीने न्यूयॉर्कला होते आणि परिषदेपुढे त्यांना बोलू दिले गेले नाही. आमच्याकडे बाईंनी त्यावर मत घेतले. मी हात वर केला नाही. बुरुंडीने करणे शक्यच नव्हते. दार एकदा उघडले की उद्या आमचेही कोणी येऊन बाहेर बसेल. माझे तर्कशास्त्र बिनचूक होते. अडीच तास आम्ही पूर्व बंगालवर बोललो आणि पूर्व बंगाल दाराच्या फटीतून आमच्याकडे पाहत बसला होता. मध्यंतरात मी चहा घेऊन गेले तेव्हा तिने कप घेतला, बोलली मात्र नाही. ती फारशी रागावली नसेलही, पण मला ते लागले.

परिषद संपल्यावर बाईंनी मला बाजूला घेतले आणि म्हणाल्या, "बुरुंडीचे १९७१ वाचलेस, आता १९७२ वाच."

मी वाचले. एप्रिल १९७२ च्या अखेरीस बुरुंडीच्या दक्षिण भागात हुतूंचा एक उठाव झाला, त्यात तुत्सी मारले गेले. त्यानंतर राष्ट्राध्यक्ष मिकोंबेरोंच्या सैन्याने काही महिने हुतूंची कत्तल केली. मृतांचा अंदाज एक लाखापासून तीन लाखांपर्यंत केला जातो. मला झोप आली नाही ती आकड्यामुळे नव्हे. मारले कोणाला, तर शिकलेल्यांना वेचून. शिक्षक, कारकून, परिचारक, शाळांच्या वरच्या वर्गांतली मुले, बुजुंबुराच्या विद्यापीठातले विद्यार्थी. नावे वाचून वर्गांतून उठवून नेले. त्या देशात स्वातंत्र्य मिळून जेमतेम दहा वर्षे झाली होती, म्हणजे त्या मुलांपैकी बहुतेक आपापल्या घरातली पहिलीच शिकणारी असणार. कोणाचे वडील शेतावर, कोणाचे गोदीवर ओझी वाहणारे. मी माझ्या हजेरीपटाकडे पाहिले आणि तो मिटून ठेवला.

आणि त्या वेळी सुरक्षा परिषद काय करीत होती? परिषदेपुढे तो विषय आलाच नाही. अंतर्गत बाब. आफ्रिकी ऐक्य संघटनेच्या सरचिटणिसांनी तर बुजुंबुराला जाऊन राष्ट्राध्यक्षांना पाठिंबा दर्शविला. बुरुंडीची मुदत १९७१ च्या अखेरीस संपली होती, आणि १ जानेवारी १९७२ पासून परिषदेवर जे नवे सभासद आले त्यांत भारत होता. ज्या पंधरा जणांनी तो विषय टेबलावर आणला नाही त्यांत आपणही होतो. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण वगळले तर अभ्यास अर्धा राहील.

माझ्या तीन ओळींत 'आमच्या देशात दोन समाज आहेत' असे मी लिहिले होते. 'आमच्या' म्हणजे कोणाच्या, हा प्रश्न मला लिहिताना पडला नव्हता. उंबऱ्याचा नियम दुबळ्या देशाचे रक्षण करतो, हे मी आजही मानते. पण त्या देशातल्या दुबळ्या माणसाला तोच नियम आत कोंडतो, आणि खुर्चीवर देश बसलेला असतो, माणूस नव्हे.

घरी मी हे आईला सांगितले. तिला राष्ट्रसंघ ठाऊक नाही, पण तिने लगेच आमच्या चाळीतली एक जुनी गोष्ट काढली. एका खोलीत नवरा बायकोला मारायचा. सगळे म्हणायचे, घरचा मामला आहे. एका रात्री आई दार ढकलून आत गेली. त्या रात्रीपुरते थांबले. मात्र पुढे महिनाभर ती बाई आईशी बोलत नव्हती. आई म्हणाली, "आत गेले खरी. पण दुसऱ्या रात्री मी तिच्याजवळ झोपायला थोडीच जाणार होते? तिला तिथेच राहायचं होतं." मग पुन्हा गेली असतीस का, असे मी विचारले. "गेले असते की," ती म्हणाली, "पण आधी तिला विचारलं असतं."

अलीकडच्या दाखल्यांबद्दल थोडेच लिहिते, कारण त्यांचा अभ्यास माझा अजून कच्चा आहे. रवांडात १९९४ साली सुमारे आठ लाख माणसे मारली जात असता परिषदेने तेथील शांतिसेना अडीच हजारांवरून २७० वर आणण्याचा ठराव २१ एप्रिलला केला. कोसोव्होत १९९९ साली नाटोने परिषदेची परवानगी न घेता बाँबवर्षाव केला, तेव्हा तो थांबवा असा ठराव रशिया आणि बेलारूसबरोबर भारताने मांडला. त्याला तीनच मते पडली. २००५ साली न्यूयॉर्कच्या शिखर परिषदेत सर्व राष्ट्रांनी मान्य केले की, आपल्या लोकांचे रक्षण करणे ही प्रत्येक सरकारची जबाबदारी आहे, आणि ते सरकार उघड उघड चुकले तर परिषदेमार्फत इतरांनी पुढे यावे. त्या तत्त्वाचा मोठा वापर १७ मार्च २०११ रोजी लीबियासाठी झाला. दहा मते बाजूने, विरुद्ध एकही नाही, पाच तटस्थ, आणि त्या पाचांत भारत. विमाने गेली, गद्दाफींची राजवट पडली, आणि नंतर त्या देशात परस्परांत लढणाऱ्या टोळ्या उरल्या. दुसऱ्या रात्री जवळ कोणी झोपले नाही. १९७१ च्या भारताने १९९९ मध्ये विरोध करावा आणि २०११ मध्ये तटस्थ राहावे हे प्रथम मला दुटप्पी वाटले होते. आता वाटते की समर सेनांनी सर्वांत चांगले कारण दुसऱ्या क्रमांकावर ठेवले, तेव्हाच ही भूमिका ठरली असावी. जे हत्यार आपण उपसले ते सर्वांच्या हाती जावे अशी आपली इच्छा नव्हती. हे योग्य की अयोग्य, यावर आमच्या वर्गात अजून वाद चालू आहे, आणि बाई निकाल देत नाहीत.

मैत्रिणीचे भाषण मी नंतर मागून घेतले. दीड पानाचे आहे. त्यात सनदेचे एकही कलम नाही. कोणाच्या घरातून काय काय उचलता आले आणि काय राहून गेले याची यादी आहे, आणि शेवटी परत जाण्यासाठी काय काय लागेल याची. अभ्यासमंडळाच्या फलकावर ते आता लावलेले आहे, व्हरांड्यातच.

पुढील वर्षी एप्रिल १९९४ ची परिषद भरवायची असे ठरले आहे. त्या वर्षी रवांडा स्वतःच परिषदेचा सभासद होता, म्हणजे ज्या सरकारच्या राज्यात कत्तल चालू होती त्याचाच प्रतिनिधी नालेच्या टेबलाशी बसून मत देत होता. ती चिठ्ठी खोक्यात टाकायची की नाही, याबद्दल बाईंनी आमचे मत लेखी मागितले आहे. तीन ओळींत.